भाताचं गाणं

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला समाजमंदिरात चौथं गाणं बाद झालं.

बाद केलं ते ज्ञानूनं. प्लास्टिकच्या खुर्चीवर उलटा बसून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून त्यानं ते जेमतेम अर्धं ऐकलं आणि हात उडवला.

"यो डिस्को नाय. एसी हॉलमदी पाहुन्यांनी सूप पिताना ऐकायचा गाना हाय यो."

"काका, तुम्ही सगळ्यालाच नाय बोलताय," भाविका म्हणाली. "पहिलं स्लो होतं. दुसऱ्यात हिरो म्हातारा दिसतो. तिसरं तुम्हाला आठवतच नव्हतं. मग घ्यायचं कुठलं?"

"आठवत नाय म्हंजे आमी त्याच्यावर नाचलू नाय. सिंपल."

जुईनगर स्टेशनच्या पलीकडच्या या गावठाणात रविवारी नव्या समाजमंदिराचं उद्घाटन होतं. भाषणं कमी आणि गाणी जास्त असं या वेळी ठरलं होतं, आणि ते ठरवून घेतलं होतं भाविकानं. ऐरोलीतल्या कंपनीत ती दिवसभर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि संध्याकाळी गावातल्यांच्या. कार्यक्रमात प्रत्येक पिढीचं एकच गाणं घ्यायचं आणि त्यावर त्याच पिढीनं नाचायचं, अशी तिची कल्पना. म्हाताऱ्या बायांचा लग्नातला धवला लगेच ठरला. पोरांचं डीजेवरचं गाणंही ठरलं. अडलं होतं मधल्या डिस्कोवाल्यांचं. गावाची भातशेती गेली, खाजणं बुजली आणि पोरांच्या अंगात चमकीचे शर्ट आले, त्या वर्षांचं एक गाणं हवं होतं. ती पोरं आता पन्नाशी ओलांडलेली होती आणि त्यांचं कशावरच एकमत होत नव्हतं.

नाच बसवायला सुनयनाला बोलावलं होतं. ती मूळची साताऱ्याकडची. तिचे वडील मार्केटात माथाडी होते, कोपरखैरण्यात ती वाढली आणि आता नेरूळला डान्सचे क्लास घ्यायची. कमरेवर हात ठेवून ती एकेकाकडं बघत होती.

"मला एक सांगा, तुम्ही तेव्हा नाचायचात तरी कशावर? हळदीला, गणपतीला? काहीतरी वाजत असंलच की."

 ज्ञानूनं खुर्ची सरळ केली. मागं बसलेल्या दोघी-तिघींनी पदर नीट केले. भिंतीपाशी वायरी गुंडाळत असलेला भाविकाचा मंडपवाला बाप, कुंदन, गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागला.

"वाजायचा ना," ज्ञानू शेवटी म्हणाला. "भाताचा गाना."

"ज्ञानू," कुंदन म्हणाला. एवढंच.

"अरे, इचारते ती बाय. खोटा कशाला बोलू?"

"भाताचं गाणं?" सुनयना हसली. "डिस्कोत भात कुठनं आला?"

ज्ञानूनं कुंदनकडं पाहिलं आणि मग फक्त शीळ घातली. सुरुवातीच्या तीनच ओळी. सुनयनाचा चेहरा उजळला.

"हे व्हय! हे तर सगळ्यांनाच म्हाईत आहे. आधी सांगायचं न्हाई का!"

तिनं फोन काढला. फोन स्पीकरला जोडलेलाच होता. कुंदन वायर टाकून दोन खुर्च्या ओलांडेपर्यंत नव्या समाजमंदिराच्या चारही कोपऱ्यांतून ढोलाचा ठोका सुरू झाला.

भाविकानं ते गाणं रिक्षात आणि मॉलमध्ये कितीदा तरी ऐकलं होतं. आपल्याच गावात ते कधी वाजलेलं नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. मागच्या बायांपैकी एकीचा पाय हलायला लागला होता. दुसरं कडवं संपलं, गाणारा थांबला, नुसता ठोका उरला, आणि हॉलमधल्या पन्नाशीच्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतला. ओरडलं मात्र कुणी नाही.

कुंदननं स्पीकरची पिनच काढली.

"काय झालं, दादा?"

"काय नाय," तो म्हणाला आणि चपला न घालता बाहेर पडला.

झालं होतं ते असं. कुंदनचा थोरला भाऊ शिवा सतरा-अठरा वर्षांचा असताना एका मित्राच्या मामानं दुबईहून हे गाणं आणलं. कॅसेट एका रात्रीपुरती मिळाली. शिवानं कुणाकडून तरी दुसरा टेप मागून आणला, दोन्ही टेप पडवीत समोरासमोर ठेवले, एकावर गाणं लावलं आणि दुसऱ्यावर ते भरून घ्यायला लागला. घरात सगळ्यांना गप्प बसवलं होतं. परसातून आलेल्या आईला, पुतळाला, मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं कडवं संपलं आणि नुसता ठोका उरला, नेमकी तेव्हा पुतळानं हाक मारली.

"ए शिवाऽ, जेवाला ये रं! भात निवतंय!"

आणि त्याच्या मागोमाग, टेपच्या अगदी जवळून, दातांतल्या दातांत शिवा म्हणाला, "गप ना गं आये!"

ते सगळं कॅसेटमध्ये भरलं गेलं. गावात त्या गाण्याची कॅसेट एवढी एकच. हळद असो, साखरपुडा असो, ती जागा आली की बाया नाच थांबवून हाताचे द्रोण करायच्या आणि शिवाला जेवायला बोलवायच्या. बाप्ये आईला गप्प करायचे. पुढं कॅसेट झिजली, तुटली, नवी चकचकीत आली. तिच्यात नुसता ठोका होता. तरी गाव ओरडायचंच. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, ही यांची काही रीत असावी. तोवर ती रीत झालीही होती.

शिवा पुढं जहाजावर खलाशी म्हणून लागला. दुसऱ्याच सफरीत एका परक्या बंदरावर तो उतरला आणि परत चढला नाही. कंपनीकडून कळलं ते एवढंच.

त्यानंतरच्या मे महिन्यात शेजारच्या घरी हळद होती. गाणं लागलं, ती जागा आली, बायांनी सवयीनं हाक मारली. बाप्यांच्या तोंडून उत्तर आलं नाही. पुतळा बसल्या जागेवरून उठली आणि कुणाकडं न बघता घरी निघून गेली. त्या दिवसापासून गावात ते गाणं वाजलं नाही. बैठक झाली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. जवळजवळ तीस वर्षं सगळ्यांनी आपापलं पाळलं.

आणि आता पुतळाचं वय ऐंशीच्या घरात होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी कुंदनला बाजूला घेऊन बजावलं होतं. समाजमंदिर ते घर, मध्ये फक्त मारुतीचं देऊळ. स्पीकर चार.

तो पोचला तेव्हा पुतळा ओट्यावर पाय पसरून वाल सोलत होती. समोर भिजलेल्या वालांचं पातेलं, मांडीवर ताट. कुंदन तिच्या पायाशी उकिडवा बसला. तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात नीट दिसेना, म्हणून आधी त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. हात चालू होते.

"आये, बरी हास ना? दुखतंय काय? छातीन?"

"बंद कशाला केलास?"

"काय?"

"गाना. चांगला वाजत होता."

कुंदननं तिचं मनगट धरलं. नाडी बघायची म्हणून धरलं, पण ती कुठं लागते ते त्याला सापडेना.

"सोर. हात ओला हाय." तिनं मनगट सोडवून घेतलं. "कोनी लावलेला?"

"ती नाचवाली बाय. तिला माहीत नव्हता."

"काय माहीत नव्हता?"

 मागून भाविका आणि सुनयना आल्या होत्या आणि पायरीशी थांबल्या होत्या. त्यांच्या मागं ज्ञानू, दारूच्या दुकानात मास्तर भेटल्यासारखा तोंड लपवून.

"आजी, चूक माझी," सुनयना म्हणाली. "मी विचारल्याबिगर लावलं."

"तू कोन गो?"

"सुनयना. नाच बसवायला आलेय."

"ज्ञानूला नाच शिकवनार? देव तुजा भला करो." पुतळानं एक वाल चिमटीत दाबला, साल सुटलं. "आनि तू रं ज्ञान्या, तिकरं कशाला उबा? माज्या घरचा भात किती खाल्लास, आता पायरी चरवत नाय?"

ज्ञानू पायरी चढून आला.

"काकी, आमी तो गाना घेत नाय. दुसरा घेतलाय. तुमी टेन्शन घेव नका."

"कुठला घेतलाव?"

ज्ञानूनं भाविकाकडं पाहिलं. भाविकानं छताकडं.

"मना एक सांगा," पुतळा म्हणाली. तिचे हात आता थांबले होते. "यो गाना तुमी बंद कशाला केलाव? मी कवापासून इचारीन बोलतंय. हलदी झाल्या, गनपती झाले. सगले गाने वाजतान, यो नाय. मना वाटला, गाव माज्या पोराला हाक माराची इसरला."

 देवळाजवळ कुठंतरी स्कूटर सुरू होत नव्हती, कुणीतरी पुन्हा पुन्हा किक मारत होतं.

"आये," कुंदन म्हणाला, "तू उठून गेलीस ना. त्या हलदीला. आमाला वाटला..."

"मी उठून गेलू?"

"गेलीस. गाना चालू होता, मधूनच."

पुतळानं त्याच्याकडं पाहिलं. मग ज्ञानूकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. काहीतरी मोजल्यासारखं.

"तो होय!" ती म्हणाली. "अरे, चुलीवर सुकटीचा कालवन ठेवलेला मी. करपल म्हनून धावलू. आनि तुमी त्याच्यावर गाना बंद केलाव? येडे रं येडे!"

ज्ञानू आधी हसला. हसता हसता त्यानं ओट्याच्या खांबाला हात टेकला आणि खालीच बसला. "कालवन!" तो म्हणाला. "आयला, कालवन! कुंद्या, तीस वरसं आमी कालवनासाठी..." भाविका हसायला लागली. नेमकं काय झालं ते सुनयनाला अजून कळलेलं नव्हतं, पण तीही हसली. पलीकडच्या घराच्या दारात आलेल्या बाईला ज्ञानूनं ओरडून सांगितलं, "गो, काकीचा कालवन करपत होता!" आणि तिथूनही हसण्याचा आवाज आला. अर्ध्या गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही.

कुंदनच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं. इतकी वर्षं आपण खांदे आवळून मंडप बांधतोय, हे त्याला त्या क्षणी जाणवलं. तो आईच्या शेजारी टेकला, ताटातले चार सोललेले वाल उचलून त्यानं कच्चेच तोंडात टाकले.

ज्या घरी हळद, तिथं सगळ्या गावाचं जेवण. त्या दिवशी गावात दुसऱ्या कुणाच्या घरी चूल पेटत नाही. त्या दिवशीही पेटली नव्हती. कुंदनला हे ठाऊक होतं. ज्ञानूलाही ठाऊक असणार, उद्या-परवा आठवेल त्याला. कुंदननं वाल चावले, गिळले आणि आईकडं पाहिलं. ती पातेल्यात बघत होती.

"कडू लागतान," ती म्हणाली. "कच्चे खाव नको."

"नाय खात."

"मग हेच घ्यायचं ना, पप्पा?" भाविकानं विचारलं. "डिस्कोचं? फायनल?"

"आजीला इचार."

"घ्या की," पुतळा म्हणाली. "पन आता कॅसेट नाय. हाक कोन मारनार?"

"आम्ही सगळ्या मारू, आजी."

"तुमी कशाला? मी मेलू काय? मनाच माईक द्या. खुर्चीन बसून मारीन."

"डॉक्टर बोललेत, ताण द्यायचा नाय," कुंदन म्हणाला.

"पोराला जेवाला बोलवताना कसला ताण रं?"

 सुनयनानं फोनवर गाणं पुन्हा लावलं, या वेळी बारीक आवाजात, आणि पायानं ठोके मोजत ती जागा दोनदा ऐकली.

"आठ ठोके आहेत," ती म्हणाली. "पहिल्या चारात आजींची हाक बसती. उरलेल्या चारात काय होतं?"

"उत्तर," ज्ञानू म्हणाला.

"मग ते कोण देणार? गडीमाणसं सगळी मिळून?"

"मी देतो," कुंदन म्हणाला.

पुतळानं ताट मांडीवरून खाली ठेवलं. "तू कशाला? तुजा नाव शिवा हाय?"

"मग कोन, आये?"

"ज्याला हाक मारलीय, तो दील उत्तर."

ती हे सहज म्हणाली. पातेलं उचलायला तिनं हात पुढं केला, कुंदननं ते तिच्या आधी उचललं आणि तिच्या मागोमाग घरात नेलं. रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला. आईनं गोळ्या वेळेवर घेतल्या आणि लगेच झोपली. तिच्या श्वासाकडं कान देत तो थोडा वेळ दाराशी उभा राहिला, मग तोही झोपला.

शनिवारी दिवसभर तालीम झाली. ज्ञानूचे गुडघे दुखले, बायांनी दोन स्टेप बदलून घेतल्या, पुतळाच्या खुर्चीसाठी स्टेजच्या डाव्या बाजूला जागा ठरली. दुसरं कडवं संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, एवढं सुनयनानं बसवलं. हाकेनंतरच्या चार ठोक्यांचं काय करायचं, ते तिनं कुंदनला तीनदा विचारलं.

रविवारी दुपारी खुर्च्या लागल्या, तोरणं चढली, माईक तपासून झाले. त्या चार ठोक्यांसाठी तोवर काहीही ठरलेलं नव्हतं.