दोरीपलीकडचा कोपरा

अपर्णाने चौथा टोमॅटो देठापासून खुडला आणि दुसऱ्या हातातलं पत्रक अंगठ्याने उलगडलं. पोस्टाच्या पेटीतून काढलेला तो कागद ती बागेतच वाचत होती. टाउनशिपच्या गावकारभाराचा प्रत्येक नियम यापुढे बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रावर पारखून घ्यावा, असा ठराव. खाली प्रस्तावक म्हणून तिच्या घरमालकाचं नाव, वॉल्टर ग्रूव्ह. मागच्या बाजूला वानगीदाखल तीन आज्ञा. रविवारी दुकानं बंद. व्यभिचाराला शासन. आणि तिसरी: शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या.

तिने खाली पाहिलं. बागेचा हा कोपरा दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीने बाकीच्या वाफ्यांपासून वेगळा केलेला होता. ‘दोरीपलीकडचे तुमचे,’ असं ग्रूव्ह पहिल्या उन्हाळ्यात म्हणाले होते. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेणाऱ्याला ही सवलत मिळते, असं धरून ती दोन वर्षं तोडत आली होती.

तिने चारही टोमॅटो रोपाच्या बुडाशी परत ठेवले. ठेवताना ते एकमेकांवर आपटू नयेत, एवढी काळजी घेतली.

स्वयंपाकघरात तिच्यासोबत राहणारा देवानंद कांदा परतत होता. दोघेही स्टेट कॉलेज नावाच्या या अमेरिकन गावातल्या विद्यापीठात शिकत होते. तो मृदाशास्त्र, ती राज्यशास्त्र.

“टोमॅटो कुठेत? कांदा करपतोय.”

“ठेवून आले. त्यांचे त्यांना.”

तिने पत्रक ओट्यावर ठेवलं. तो वाचत गेला आणि हसला.

“चला, म्हणजे आपली भाजी थेट मोशेने सँक्शन केलीय.”

“हसू नकोस. माझ्या आजोबांना खळ्याच्या कडेचा दाणा झाडून न्यायचा हक्क होता. हक्क म्हणायचे त्याला! छप्पन्न साली दीक्षा घेऊन परतले आणि झाडू खळ्यावर टाकून आले. त्या हिवाळ्यात घरात काय शिजलं, ते आजीने कधी सांगितलं नाही.”

“ग्रूव्हकाका तसे नाहीत गं. तुला न्यूमोनिया झाला तेव्हा बर्फातून हॉस्पिटलला ड्राइव्ह कोणी केलं?”

“तेच तर. वाईट असते तर किती सोपं झालं असतं.”

देवानंदने गॅस बारीक केला.

“मंगळवारच्या मीटिंगला बोलणार आहेस तू. चेहऱ्यावर दिसतंय. यार, डिसेंबरमध्ये लीज संपतंय आपलं.”

“ग्रंथाचा कायदा राबवला की तो कुणाच्या पाठीवर उमटतो, हे त्या हॉलमध्ये आणखी कुणाच्या घराला माहीत आहे?”

“मग बोल,” तो म्हणाला. थोड्या वेळाने, पातेल्यात पाणी ओतत: “आमटीत चिंच घालतो.”

टाउनशिपच्या सभागृहापर्यंत बस जात नव्हती. त्यामुळे मंगळवारी ग्रूव्हच्या ठरावाला विरोध करायला ती ग्रूव्हच्याच गाडीतून गेली. देवानंद मागे बसला.

“तू विरोधात बोलणार असं ऐकलं,” ग्रूव्ह म्हणाले.

“हो.”

“बरं. पट्टा लाव.”

सभागृहात पंख्याचा संथ आवाज होता आणि भिंतीवर नव्याने टांगलेला ध्वज. नागरिकांच्या बोलण्यासाठी पाऊण तास. नोंदणीकृत मतदार आधी, बाकीचे नंतर. अपर्णाचं नाव यादीत शेवटचं होतं. कुणी सभागृहाच्या विटांच्या रंगावर बोललं, कुणी न्यायालयांच्या उद्दामपणावर. सात वाजून पंचेचाळीस मिनिटांनी अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून वेळ संपल्याचं जाहीर केलं. तिच्या हातातला टाइप केलेला कागद घामाने मऊ पडला होता.

“मी याच टाउनशिपमध्ये राहते,” ती उभी राहून म्हणाली.

“मॅडम, नियम सर्वांना सारखाच आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आता फक्त प्रस्तावकाची समारोपाची तीन मिनिटं उरली आहेत.”

ग्रूव्ह उठले. त्यांनी ध्वनिक्षेपक स्वतःच्या उंचीवरून खाली, तिच्या उंचीला आणला.

“माझ्या पुस्तकात लिहिलं आहे, देशात जन्मलेल्याला आणि उपऱ्याला एकच नियम असावा. माझी तीन मिनिटं हिला द्या.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. अपर्णा चालत गेली. त्या बारा पावलांत हातातला कागद तिने दोनदा दुमडला. जे लिहिलं होतं ते आता म्हणता येणार नव्हतं. त्यातला प्रत्येक शब्द त्या टाळ्यांच्या ऋणात गेला होता.

“मिस्टर ग्रूव्ह भले आहेत,” ती म्हणाली. “ते आत्ता बसून राहिले असते, तर माझ्यासाठी कोणता नियम होता?”

तिने अध्यक्षांकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारच्या चौघा सदस्यांकडे. कुणी पेनाचं टोपण लावलं. वेळ दाखवणारा हिरवा दिवा पिवळा झाला, पिवळा लाल. तोवर ती उत्तराची वाट पाहत तिथेच उभी होती. ठराव पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

परत आल्यावर तिच्या दारापाशी गाडी थांबवून ग्रूव्हनी अंगणातला दिवा लावून दिला.

त्यानंतर दोरीपलीकडचे टोमॅटो पिकून ओथंबले. अपर्णा तोडत नव्हती. ग्रूव्ह रोज दुपारी बाकीची बाग वेचत दोरीपर्यंत येत आणि तिथून टोपली घेऊन वळत. एकदा खिडकीतून तिने पाहिलं, त्यांचा हात दोरीवरून पुढे गेला, एका फुटू आलेल्या फळाखाली तसाच थांबला आणि रिकामा मागे आला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्यांनी मागचं दार वाजवलं.

“उद्या दहिवर गोठणार आहे,” ते म्हणाले. “तू तोडत नाहीस. मला तोडता येत नाही.”

“दिसतंय मला.”

“माझं काही चुकलं का?”

तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. त्यांच्या नखांत माती होती, आणि टोपी त्यांनी हातात घेतली होती.

“पुढच्या उन्हाळ्यात या बागेतल्या दोन ओळी मला लावू द्या,” ती म्हणाली. “खणेन मी, पाणी मी घालीन. करारात तसं लिहू. मग त्या दोन ओळींचा कोपरा कुणासाठी सोडायचा, सोडायचा की नाही, ते मी ठरवेन.”

ग्रूव्हनी दोरीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाट चुकलेल्या, पण कुणाला विचारणार नाही अशा माणसाची एकाग्रता होती.

“याबद्दल मला पाहावं लागेल,” ते म्हणाले.

“कशात?”

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि आपल्या दाराकडे निघाले. थोड्या वेळाने पलीकडच्या खिडकीत ते खुर्चीत बसलेले दिसले, मांडीवर त्यांचं जाड काळं बायबल. एक पान उलटलं. मग आणखी एक.

अपर्णा उंबऱ्यावर उभी होती. मागून देवानंदने विचारलं, “काय म्हणाले?”

“शोधतायत,” ती म्हणाली, आणि थंडी आत येत असूनही तिने दार लावलं नाही.