सासऱ्यांच्या शेजारची जागा

मी एक शिडाची छोटी होडी बोलतेय. माझं बोलणं लिहून घेणाऱ्यानं शाळा लवकर सोडली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

एका सुतारानं आपल्या लेकीला हाताशी घेऊन मला घडवलं. मी अंगानं हलकी. शिडात वारा भरला की एका कुशीवर कलते. मग माणसांनी वर आलेल्या काठावर बसायचं, पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ पाण्यावर झोकून द्यायची. तेवढ्या वजनानं मी सरळ होते आणि पळत सुटते. बापलेकीनं मला कितीतरी वर्षं असं तोलून धरलं. त्यांना एकमेकांशी बोलावंही लागायचं नाही.

पुढं लेकीचं लग्न झालं, तिला दिवस गेले आणि तिच्या जागी जावई येऊ लागला. भारी लाजरा. सासऱ्यांच्या बरोबरीनं कसं बसायचं, म्हणून तो समोरच्या काठावर अंग चोरून बसायचा. मी आधीच तिकडं कललेली, त्यात त्याचं वजन. रोज पाणी आत.

"जावईबापू, इकडं या."

"असू द्या बाबा, इथं बरं आहे."

"तुम्हाला बरं आहे हो, होडीला नाही."

शेवटी सासरे कंटाळले. एकट्याच्यानं आता ही आवरत नाही म्हणाले आणि त्यांनी मला विकायला गिऱ्हाईक बघितलं.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी दोघं मला शेवटचं फिरवायला निघाले. भर पाण्यात वारा चढला. सासरे काठाबाहेर झुकले आणि त्यांचा पाय पट्ट्यातून निसटला. जावई एका ढांगेत वर आला, त्यानं सासऱ्यांचा सदरा मुठीत धरला आणि खांद्याला खांदा लावून मागं झुकला. मी सरळ झाले. किती दिवसांनी अशी पळाले म्हणून सांगू.

"सदरा सोडू का बाबा?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"सोडून तर बघा," सासरे म्हणाले.

धक्क्यावर त्याची बायको उभी होती. "काय हो, बाबांच्या मांडीवरच बसायचं राहिलं होतं," ती म्हणाली. ह्याचे कान लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. सासरे घसा साफ करत होते, तेवढ्यात जावईच पुढं झाला. "होडी द्यायची नाही," एवढंच म्हणाला. मग मान खाली घालून माझ्यात चढला आणि शेजारी सासऱ्यांपुरती जागा सोडून काठावर बसून राहिला.