आठच्या खाली नको

मित्रांनो, मी गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि एकदा जळून उठलेलो आहे. हिंगोलीच्या इस्माईलचाचांनी मला हातानं बांधलं. पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं, ‘८ ओहम’. म्हणजे जोडलेल्या स्पीकरनं माझा करंट निदान एवढा तरी अडवलाच पाहिजे. कमी अडवला, की करंट मोकाट सुटतो आणि मी आतून भाजतो. एवढं साधं आहे. पण वाचतो कोण?

सपना भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवते. तिच्या बोटांनी मी गावोगाव गायलो. सुखाची वर्षं होती ती. मग शिरड शहापुरात मंडपवाल्या देविदासनं माझ्या आठ ओहमच्या स्पीकरच्या बॉक्सशेजारी आणखी एक आठचाच बॉक्स जोडला. आठ नि आठ सोळा, असा त्याचा हिशेब. अरे, शेजारी-शेजारी जोडले की करंटला दोन वाटा फुटतात, आठाचे चारच उरतात! तिसऱ्या गाण्याला माझ्यातून धूर निघाला. डबडं म्हणून शिवी मात्र मलाच. अक्कल त्याची कमी पडली, जळलो मी.

दोन वर्षं फळीवर धूळ खाल्ली. चाचांची नजर गेली होती, पण त्यांची लेक नाहिद हिनं मला उघडलं. जुने सुटे भाग शोधून शोधून बसवले आणि सपनाला बजावलं, “हे शेवटचे हायेत. आता जळला तर न्हाई उठायचा.” सपना तिथंच बसून जोडणी शिकली.

नरसीच्या कार्यक्रमाला पुन्हा देविदासच. त्यानं चार बॉक्स मांडले. दोनच लावले तर लोक विचारतील, मयतीला आलो का, असं त्याचं म्हणणं. सपनानं वायरी त्याच्या हातातून घेतल्या. दोन बॉक्स एकामागे एक जोडले, करंटला एकच वाट, झाले सोळा. उरलेले दोन तसेच, सोळा. मग दोन्ही जोड्या शेजारी-शेजारी. बराबर आठ.

“काहून एवढी उठाठेव? वायर ती वायरच,” देविदास म्हणाला.

“व्हय दादा. मागच्या बारीला धूर तुमच्या डोक्यातून निघाला असता, तर तुमी बी शिकला असता.”

दुपारभर चारही बॉक्स दणाणले आणि मी नुसता कोमट राहिलो. शेवटी देविदासनं माझ्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि खडू आणून सपनाकडून त्या जोडणीचं चित्र स्वतःच्या बॉक्सवर काढून घेतलं.

मित्रांनो, यंत्रावर जोर करण्याआधी त्याला किती सोसतं ते विचारा. सांगणारी पोरगी असली तरी ऐका. कान तुटत नाहीत.