दानम्माच्या पोटरीवरचे चट्टे

भूकंपात माळवदाची तुळई दानम्माच्या उजव्या पायावर पडली, तेव्हापासून तो पाय ठणकायचाच. लातुरात लेकानं, शिवमूर्तीनं, क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढली. दिवसभर भाकऱ्या थापून दुखणं आणखी वाढलं, तसं त्यानं मेडिकलमधून बधीर करणारं मलम आणून दिलं. म्हातारीला त्याची चटकच लागली. येता-जाता पोटरीला चोपडायची.

काही दिवसांत पोटरीवर लालभडक चट्टे उठले. खाज सुटली की ती पुन्हा तेच मलम चोळायची. मग फोड आले आणि लस वाहायला लागली.

तशात आरोग्य खात्याच्या बाया घरोघर विचारत आल्या. "आजी, अंगावर चट्टा हाय का कुठं? टोचलं तरी कळत न्हाई असा?"

"न्हाई गं बाई," म्हणत दानम्मानं लुगडं घोट्यापर्यंत ओढलं.

त्या गेल्यावर तिनं मोरीची कडी लावली आणि चट्ट्यात सुई टोचली. रक्ताचा थेंब आला, पण दुखलं नाही. आपण आत्ताच तिथं मलम चोळलंय, हे त्या भेदरलेल्या डोक्यात येणार कुठून? तिला आठवला गावाकडचा गुरुपादप्पा. महारोग झाला म्हणून त्याला ओढ्यापलीकडं ठेवलं होतं, भाकरी लांबूनच टाकायचे. टाकणाऱ्यांत तीही होती.

आणि इथं डॉक्टर व्हायला आलेली परक्यांची लेकरं तिच्या हातचं खात होती. त्यांना लागण झाली तर कुठल्या तोंडानं उत्तर द्यायचं?

हात भरून येतात असं सांगून तिनं भाकऱ्या सोडल्या. ताट-तांब्या वेगळा केला. चिमुरडी नात शांभवी मांडीवर चढायला लागली की खेकसायची, "सरक तिकडं." पोरगी रडवेली होऊन जायची आणि दानम्मा तोंडात पदर कोंबून रडायची. ठणक सोसवेना म्हणून मलम मात्र चालूच होतं.

शेवटी सुनेनं, शरणम्मानं, लुगड्यावरचे डाग पाहिले आणि सासूला बळंच कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पाय पाहिला, ट्यूब पाहिली. टोचलेलं कळत नाही, हे दानम्मानं हळूच सांगितलं.

"चट्टे या मलमानंच उठलेत, आजी. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. बधीरपणाही त्याचाच असावा. हे आजपासून बंद. दुसरं औषध देतो, चार-पाच दिवसांनी या, म्हणजे तपासून खात्री करू."

असावा म्हणजे नसेलही. आता सुई हातात घ्यायचीही हिंमत होईना. टोचलं आणि न्हाईच दुखलं, तर?

दोन दिवसांनी दुपारी ती पाय पसरून भिंतीला टेकली होती. डोळा लागला होता. ती संधी साधून शांभवी गुपचूप मांडीवर चढायला गेली आणि तिची टाच नेमकी चट्ट्यावर बसली. दानम्माच्या मस्तकापर्यंत कळ गेली. ती किंचाळून उठली. पोरगी मार बसणार म्हणून अंग चोरून उभी राहिली.

दानम्मानं तिला ओढून उराशी घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

"अजून एक लाथ मार, माझे आई," ती म्हणाली.