पाच नावांचा फोन

त्या आठवड्यात माझा फोन काळा-पांढरा होता. बिघडला नव्हता, मीच हौसेने करून घेतला होता. पडद्यावर रंग नाहीत, चित्रं नाहीत, लाल ठिपके नाहीत. नुसती शब्दांची यादी: फोन, मेसेज, नकाशा, कॅमेरा. मेसेज मिळणार दिवसातून दोनदा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळात फोन वाजणार तो फक्त पाच माणसांसाठी. बाकी कुणी फोन केला तर त्याचीही नोंद सहालाच कळणार.

आमच्या ऑफिसात आयटी सांभाळणाऱ्या तबिशने हे बसवून दिलं. "भाई, पाँच नंबर दो, जो किसी भी वक़्त लग सकें," तो म्हणाला. मी सांगितले: माझी बायको शशी, आमचा मॅनेजर, साइटवरचा अम्मार, बिल्डिंगचा वॉचमन. शशीचा नंबर व्हॉट्सअॅपवरून उतरवून दिला. पाचवं नाव काही केल्या सुचेना, तेव्हा तबिशने हसत हसत स्वतःचंच टाकलं. बारा वर्षं कतारमध्ये काढून ही माझी कमाई.

हे सगळं केलं ते शशीसाठी. जूनच्या शेवटी ती आणि आमचा मुलगा मिहीर सुट्टीला नाशिकला निघाले, तेव्हा विमानतळावर ती म्हणाली होती, "संजीव, घरात आपण तीन माणसं, आणि तू कायम चौथ्याशी बोलत असतोस." मला राग आला होता. मी दिवसभर साइटची कामं निस्तरतो, घरी आल्यावर जरा फोन बघितला तर काय बिघडलं? पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हटलं, ती परत येईल तेव्हा तिला नवराच नवा दाखवू.

पण ती परत येणार का, हेच ठरायचं होतं. नाशिकच्या एका शाळेत सहावीची एक जागा अचानक रिकामी झाली होती. शशीचं म्हणणं, मिहीर तिथे मामेभावंडांत खुलतो, मराठीत भांडतोसुद्धा. इथे अल वक्राच्या फ्लॅटमध्ये तो भिंतींशी इंग्रजीत बोलतो. जागा घेतली तर ती दोघं तिथेच राहणार आणि मी इथे एकटा.

शाळेतल्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर ती दिसली. मागे सासूबाई, मिहीर, दोन भाच्या, सगळी फौज. तिथे काय बोलणार? ती म्हणाली, "उद्या अकराला मुख्याध्यापिकांना भेटतेय. चारपर्यंत हो की नाही सांगायचंय. बाहेर पडले की तुला फोन करते. साधा फोन. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, मेसेज नकोय. वाजेल ना तुझा तो फोन?"

"तुझ्यासाठी वाजेल," मी ऐटीत म्हणालो. "म्हणून तर करून घेतलाय तसा."

मला काय सांगायचं ते पक्कं होतं. नको. परत या. सकाळी दाढी करताना मी ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. तोंडात नीट बसत नव्हतं, कारण असं काही मी तिला कधी म्हटलेलंच नव्हतं.

वक्राहून मेट्रोत बसलो. हातांना चैन पडेना. समोरचे सगळे खाली माना घालून आपापल्या फोनमध्ये, आणि मी माझी चार शब्दांची यादी उघडतोय, मिटतोय. नकाशा उघडला. मी कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी बघितलं.

त्यांचे अकरा म्हणजे आमचे साडेआठ. भेट अर्धा तास धरली तर नऊला फोन यायला हवा. नऊ वाजले. सव्वानऊ. मीटिंगमध्ये मी फोन टेबलावर समोरच ठेवला. अम्मार काँक्रीटच्या उशिराचं कारण सांगत होता आणि मी त्याच्याकडे बघत मान हलवत होतो. "आप को मंज़ूर है?" त्याने विचारलं. काय मंजूर केलं ते मला आजही माहीत नाही.

दहाला राहवेना. यादीतलं "शशी" दाबलं. पलीकडून बाईचा आवाज आला, आधी अरबीत, मग इंग्रजीत: हा फोन बंद आहे. पुन्हा लावला. तेच. साडेदहाला पुन्हा तेच.

आता माझं टाळकं सरकलं. फोन बंद! म्हणजे ठरवलंय हिने सगळं आधीच, मला विचारायचं ते नाटक. कालच माझ्या तोंडावर बोलली असती तर? मी फोन घेऊन जिन्यात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मेसेज सहाच्या आधी उघडता येतात, नाही असं नाही, पण फोन आधी विचारतो, "आत्ताच का हवंय?" आणि कारण टाइप करावं लागतं. मी "बायको" असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. ती फोन बंद करून बसणार आणि मी तिचे मेसेज हुडकत बसणार? एवढा काही मी लाचार झालेलो नाही, असं मला त्या जिन्यात वाटलं.

"भाई, सब ठीक?" तबिशने विचारलं. "तुम्हारा फ़ोन एकदम शांत है," मी म्हणालो. त्याला ते कौतुक वाटलं.

बारा वाजले, साडेबारा झाले. डबा उघडलाच नाही. दीड वाजला, म्हणजे तिकडचे चार. खलास, मी स्वतःशी म्हणालो, तिने निर्णय घेतला आणि मला कळवावं असंही तिला वाटलं नाही. उरलेली दुपार मी तिच्याशी मनात भांडत काढली. सगळी भांडणं मी जिंकलो.

सहाला वक्राच्या स्टेशनबाहेर पडतच होतो तेव्हा फोन थरथरला. दिवसभराचं सगळं एकदम आलं. सगळ्यात वर एक नंबर, नाव नसलेला, भारतातला. न घेतलेले फोन: अकरा.

पहिला आठ वाजून बावन्न मिनिटांनी.

शशी भारतात गेली की भारतातलं सिम घालते. माझ्या यादीतला नंबर तिचा कतारचा. ते सिम काढलं तरी व्हॉट्सअॅप त्याच नंबरावर चालतं, म्हणून मला कधी फरकच पडला नव्हता. नाशिकमधली बाई फोन बंद असल्याचं अरबीत कशाला सांगेल, एवढंही माझ्या इंजिनिअरी डोक्यात आलं नाही.

मी त्या नंबरावर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"शशी, मला वाटलं तू फोन बंद करून बसलीस."

"मी अकरा वेळा केला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"शशी, नको. परत या तुम्ही. मला हेच सांगायचं होतं, सकाळपासून."

ती म्हणाली, "पहिला फोन मी शाळेच्या फाटकातून केला. शाळा चांगली आहे. पण वर्ग बघून आल्यावर मिहीर म्हणाला, 'बट बाबा विल बी अलोन.' मला एकदम भरून आलं. म्हटलं, जाऊ दे, परत जाऊ. तुला तेच सांगायला फोन केला होता."

"मग?"

"मग तू उचलला नाहीस. पुन्हा केला. आम्ही रसवंतीत बसलो, तिथून केला. सातव्या वेळी मिहीरच म्हणाला, 'लीव्ह इट आई, ही ऑल्वेज डज धिस.' साडेतीनला मी आत जाऊन फॉर्म भरला. दोह्याच्या शाळेला कळवून टाकलं की जागा सोडतोय."

"ती परत मागता येईल. मी उद्या जातो शाळेत."

"त्यांचं उत्तर आलं तासाभरात. वेटिंग लिस्टवरच्या मुलाला दिली."

मला रडू यायला लागलं. रस्त्यातच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी घाईघाईने तिला सगळं सांगितलं, तबिश, पाच नंबर, सहा वाजता येणारे मेसेज, हे सगळं तिच्यासाठीच कसं केलं ते.

"दर उन्हाळ्यात माझा हाच नंबर असतो, संजीव," ती शेवटी म्हणाली. "नऊ वर्षं झाली. तुझ्याकडे सेव्ह नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "आता करून ठेव. लागेल."