अब्राहामाच्या वंशजासाठी कमोड

शमुवेल गुरुजींनी सगुणाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांना वर ओढलं, पण कान मात्र बाहेरच्या टीव्हीकडे लावून ठेवले.

"जरा नीट वढा की," संडासाच्या दारात अर्धवट उठलेल्या सगुणाबाई म्हणाल्या. "मी काय विहिरीतला पोहरा हाय व्हय?"

"थांब, जेरुसलेमची बातमी लागलीया."

"हितं माझं गुडघं फुटाय लागल्यात, आन् तुमचं जेरुसलेम!"

गुरुजींनी जोर लावला. सगुणाबाई उभ्या राहिल्या, भिंत धरून जरा दम खाल्ला आणि स्वयंपाकघराकडे गेल्या. रोज सकाळचा हा कार्यक्रम. ब्रह्मपुरीच्या उतारावरच्या त्या घरातला संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. आणि सगुणाबाईंच्या गुडघ्यांनी उकिडवं बसणं केव्हाच नाकारलं होतं.

कमोड बसवायचं गुरुजींनी कबूल केलं होतं. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी, चांगलं कुटुंबप्रार्थनेत, देवासमोर. पण गुरुजी पडले बायबलातल्या भविष्यवाणीचे अभ्यासक. जगाचा शेवट जवळ आलाय याची त्यांना खात्री होती, आणि तो किती जवळ आलाय हे ते इस्राएलकडे बघून ठरवत. तिकडे सीमेवर रणगाडे हलले, की इकडे गुरुजी म्हणायचे, "आता कशाला फरशा फोडायच्या? प्रभू दारात उभारलाय." शांततेची बोलणी सुरू झाली तर ते आणखीच वाईट, कारण खोटी शांतता हे शेवटच्या काळाचं पक्कं लक्षण. लढाई असो की तह, कमोडाचं घोंगडं आपलं भिजतच.

चर्चमधल्या तरुण पाळकांशी, रेव्हरंड समुद्र्यांशी, त्यांचा यावरून कायमचा वाद. समुद्रे म्हणत, देवाने अब्राहामाला दिलेली वचनं ख्रिस्तात पूर्ण झाली; आता जो विश्वास ठेवील तो अब्राहामाचा वंशज, मग तो कोल्हापूरचा का असेना. हे ऐकलं की गुरुजी लालबुंद.

"म्हंजे यहुद्यांना दिलेला शब्द देवानं फिरवला म्हणा की! देव काय इलेक्शनला उभारलाय? वचन म्हंजे वचन. आधी ते लोक आपल्या देशात गोळा हुणार, जेरुसलेमात मंदिर बांधणार, मगच प्रभू येणार."

'वचन म्हंजे वचन' आलं, की मागच्या बाकावरच्या सगुणाबाई मान वर करून नवऱ्याकडे बघायच्या. गुरुजींचं मात्र तिकडे कधी लक्ष गेलं नाही.

इतका सगळा अभ्यास करून गुरुजींनी उभ्या जन्मात एकही यहुदी पाहिला नव्हता. म्हणून एका सोमवारी गुडघ्याचे व्यायाम करून आलेल्या सगुणाबाईंनी बातमी सांगितली, तेव्हा त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"दवाखान्यात एक बाई भेटली, फ्लोरा झिराडकर. ठाण्याची. ज्यू हायत म्हणं."

"यहुदी? कोल्हापुरात?"

"ल्योक एमआयडीसीत कामाला हाय, कळंब्याला ऱ्हातो. म्हातारा-म्हातारी त्याच्याकडं आल्यात. तिच्या मालकांना गुरुवारी च्याला बोलावलंय मी."

गुरुवारी गुरुजींनी इस्त्रीचा कोट चढवला आणि जगाच्या आरंभापासून शेवटापर्यंतच्या युगांचा स्वहस्ते काढलेला तक्ता भिंतीवर टांगला. मोझेस झिराडकर आले ते चौकड्याच्या शर्टात, हातात भडंगाची पिशवी घेऊन, घाम पुसत.

"शालोम!" गुरुजींनी दोन्ही हात पसरले.

"नमस्कार, नमस्कार. चढ भारी आहे हो तुमचा."

गुरुजींनी त्यांना तक्त्यासमोर बसवलं आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"तर मग, परत कधी जाणार तुम्ही?"

"रविवारी. शनिवारी आम्ही प्रवास करत नाही."

"तसं न्हवं. आपल्या देशात."

"आपल्याच देशात आहे की मी!" झिराडकर हसले. "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले म्हणतात. तेव्हापासून तेल गाळतोय, नोकऱ्या करतोय. मशीहा यायचा तेव्हा येईल. तोवर ठाणं काय वाईट आहे?"

"आणि मंदिर? मंदिर कधी उभं ऱ्हाणार?"

"अहो, आमच्या सोसायटीत लिफ्ट बसवायची कधी ते ठरत नाही, मंदिराचं मी काय सांगू?"

गुरुजी जरा हिरमुसले, पण हार मानणाऱ्यातले नव्हते. "पर लढाई! बातम्या बघताय न्हवं? सगळं लिहिल्याप्रमाणं चाललंय!" त्यांचे डोळे चमकत होते.

झिराडकरांनी कप खाली ठेवला. "माझी धाकटी बहीण तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला असते. सायरन वाजला की जिने उतरून तळघरात जाते. आम्ही इकडे फोन धरून बसतो. त्या वेळी लिहिलेलं काही आठवत नाही हो, फक्त ती फोन उचलते का एवढंच."

 भिंतीवरचा तक्ता आज लावला नसता तर बरं झालं असतं असं गुरुजींना वाटलं. "देव सांभाळो तिला," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

"सांभाळतोय. मागच्याच महिन्यात बाथरूम नवं करून घेतलं तिनं."

"लढाईत?"

"मग? लढाई संपेपर्यंत अंघोळ करायची नाही की काय?"

स्वयंपाकघराच्या दारात सगुणाबाई पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. झिराडकरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग गुडघा चोळत म्हणाले, "बाथरूमवरून आठवलं. गुडघ्यांचा फार त्रास आहे मला. तुमच्याकडे कमोड असेल ना?"

गुरुजींची पाचावर धारण बसली. अब्राहामाच्या लेकरांचं जो बरं करील त्याचं मी बरं करीन, असं देवाने स्वतः सांगितलेलं. आणि जो वाईट करील त्याचं काय होईल, तेही सांगितलेलं. अब्राहामाचं लेकरू घरी येऊन कमोड मागतंय आणि घरात कमोड नाही, ही गोष्ट कुठल्या बाजूला जमा होणार हे गुरुजींना कुणी सांगायची गरज नव्हती.

"असू दे, असू दे," झिराडकर उठत म्हणाले. "रिक्षा करून घरीच जातो कसा."

"पुढच्या खेपेला येशिला तवा असंल!" गुरुजी त्यांच्यामागे उतारावर धावत ओरडले. "माझं वचन हाय!"

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्याही आधी पिराजी गवंडी दारात हजर. टीव्हीवर लढाई पेटलेली, पण गुरुजी पाठ करून फरशा निवडत होते. आठवड्याच्या आत पांढराशुभ्र कमोड बसला. रविवारी गुरुजींनी रेव्हरंड समुद्र्यांना चर्चच्या पायरीवर गाठलं. "तुमचा आत्मिक अर्थ असू दे तुमच्यापाशी. मी अब्राहामाच्या वंशजाची प्रत्यक्ष सोय केलीया." कसली सोय ते समुद्र्यांना कळलं नाही, तरी त्यांनी अभिनंदन केलं. पाहुणे येईपर्यंत घरच्यांनी वापरायला हरकत नाही, असं गुरुजींनी सगुणाबाईंना मोठ्या मनाने सांगितलं.

पुढच्या महिन्यात झिराडकर जोडप्याने पुन्हा लेकाकडे चक्कर मारली आणि दोघं गुरुजींच्या घरी जेवायला आले. भरलं वांगं, भाकरी, आमटी. खुर्च्या दोनच. फ्लोराबाई आणि सगुणाबाई खुर्च्यांवर बसल्या. "आपण पुरुष खाली बसू," म्हणत झिराडकरांनी जमिनीला हातसुद्धा न लावता मांडी घातली. मीठ राहिलं म्हणून तडक उठले, आतून मीठ आणलं आणि पुन्हा तसेच बसले.

गुरुजींचा घास हातातच राहिला. "तुमचे गुडघे?"

"कुणाचे?" झिराडकरांनी विचारलं. मग त्यांना आठवलं, आणि ते ताटातल्या वांग्याकडे फार लक्ष देऊन बघू लागले. फ्लोराबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"भाकरी वाढू का, भाऊ?" सगुणाबाई म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर गुरुजी सगुणाबाईंकडे वळले.

"माझ्यासंगं डाव खेळलीस व्हय?"

"व्हय."

"सरळ मागायचं हुतंस की."

सगुणाबाई ताटं गोळा करता करता थांबल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

"मागितलं की. दर नाताळाला मागितलं," त्या म्हणाल्या. "पर मी कुठं अब्राहामाची लेक!"

 याचं उत्तर समुद्र्यांकडे होतं, जो विश्वास ठेवील तो अब्राहामाचा वंशज, हे गुरुजींच्या ध्यानात आलं, आणि त्यांना फार लाज वाटली. ते उठले, नव्या संडासाच्या दारात जाऊन उभे राहिले, भिंतीवर इकडे-तिकडे हात ठेवून बघितला आणि परत आले.

"उद्या पिराजीला बोलावतो."

"आता आनि कशाला?"

"भिंतीला एक दांडी बसवून घेऊ. तुला धरून उठाय."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आन् तवर प्रभू आला तर?"

गुरुजींनी खरोखरच विचार केला.

"थांबंल की घटकाभर. एका दांडीचंच काम हाय."