लिफ्ट उभी असताना

घरात तिचं नाव ‘चौकशी’ पडलं होतं. ते थोरल्या भावानं ठेवलं, ती सहा वर्षांची असताना. कपाटाचं दार का किरकिरतं, नळ बंद केल्यावर भिंतीत धाडकन आवाज होतो तो कुणाचा, असल्या प्रश्नांनी तिनं त्याला भंडावून सोडलं होतं. पुढं ती मेकॅनिकल इंजिनीअर होऊन पंपांच्या कारखान्यात लागली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

कारखान्यात ती चाचणी विभागात होती. तयार झालेला पंप बाकावर बसवायचा, पाणी सोडायचं, दाब मोजायचा. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून आतला आवाज ऐकायचा. हे शेवटचं तिला फोरमन काकांनी शिकवलं होतं. आठ वर्षांत तिचा कान इतका तयार झाला, की शेजारच्या बाकावरचा पंप जरा कुरकुरला तरी ती हातातलं काम सोडून तिकडं बघायची.

एके दिवशी बाहेरच्या एका कंपनीची दोन माणसं आली आणि कारखान्याच्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पंपावर काडेपेटीएवढी डबी चिकटवून गेली. डबी पंपाची थरथर मोजायची आणि आकडे त्यांच्या ऑफिसात पाठवायची. पंधरवड्यानं तिकडून निरोप आला, मागच्या बाजूचं बेअरिंग बिघडायला लागलंय.

फोरमन काकांनी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. मग चौकशीनं ऐकलं.

“मला तर काही ऐकू येत नाही,” काका म्हणाले. “तुला गं?”

“मलाही नाही. अगदी लोण्यासारखं चाललंय.”

“मग त्या डबीच्या कानात मळ गेला असेल.”

पण मॅनेजरनी सांगितलं म्हणून पंप उघडला. बेअरिंगच्या आतल्या कडीवर तिळाएवढा खड्डा होता. काकांनी तो नखानं चाचपला, चष्मा वर करून पाहिला आणि चहाला निघून गेले. चौकशी तिथंच उकिडवी बसून राहिली. डबीनं आपल्याला हरवलं याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. आपल्याला जे ऐकू आलं नाही ते डबीला कसं आलं, या प्रश्नानं मात्र तिला धरलं ते धरलंच.

त्या संध्याकाळी तिनं वहिनीला गाठलं. थोरल्या भावाची बायको सॉफ्टवेअर लिहायची आणि घरात चौकशीशी तिचं सगळ्यांत जास्त जमायचं.

“वहिनी, थरथर मोजून त्यातून बिघडलेलं बेअरिंग कसं ओळखतात?”

“मला काय ठाऊक? मी तिकिटांच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर लिहिते.”

“पण तेही लिहिलेलंच असणार ना? मग मला लिहायला शिकव.”

वहिनीनं तिच्याकडे नीट बघितलं. “म्हणजे मी एक ओळ सांगायची आणि तू चाळीस प्रश्न विचारायचे.”

“तिसांत भागवीन.”

सकाळी साडेपाच ते सात अशी शिकवणी ठरली. जेवणाच्या टेबलावर एकच लॅपटॉप, वहिनीच्या केसांना अजून टॉवेल गुंडाळलेला, आणि चौकशीच्या वहीत बाणच बाण. पहिल्या दोन महिन्यांत वहिनीनं तीनदा हात टेकले. चौकशीला नुसतं ‘असं लिहायचं’ हे पटायचं नाही. असं लिहिलं की आत काय हलतं, हे तिला हवं असायचं. आत काही हलत नाही हे तिच्या गळी उतरवायला एक अख्खा आठवडा गेला. पण त्यानंतर गाडी रुळावर आली. चौथ्या महिन्यात तिनं आपला फोन घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रावर चिकटपट्टीनं बांधला, त्यातल्या सेन्सरचे आकडे काढले आणि आलेख आणून वहिनीच्या नाकासमोर धरला. यंत्राचा मागचा डावा पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठा घातल्यावर आलेखातला एक उंच सुळका नाहीसा झाला.

“तू अर्ज करायला लाग,” वहिनी म्हणाली.

आईला हे पसंत नव्हतं. “चांगली आठ वर्षांची नोकरी. कारखान्यात मान आहे. सुखाचा जीव दुःखात का घालायचा?”

“दुःखात नाही गं आई. मला नुसतं बघायचंय ते लोक कसं करतात.”

“बघायचंय तर बघून ये आणि परत ये,” आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

ती अर्ज पाठवत राहिली, आणि बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी मुलाखत झाली, तीही पडद्यावर. समोरच्या तरुणानं विचारलं, “शब्दांची मोठी यादी आहे. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द शोधून दाखवा.” चौकशीनं विचारलं, शब्द येतात कुठून? कुणी टाइप केलेत की बोललेले उतरवून घेतलेत? चुकीचे लिहिलेले शब्द वेगळे धरायचे का? तरुण आधी हसला, मग त्यानं घड्याळ बघितलं. अर्धा तास संपला तेव्हा तिची गाडी सहा ओळींवर अडली होती. चार दिवसांनी पत्र आलं, तुमची पार्श्वभूमी आमच्या कामाशी जुळत नाही.

“बरोबर आहे त्यांचं,” ती वहिनीला म्हणाली. “मला खरंच ते येत नव्हतं.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तिनं तोच प्रश्न सोडवायला घेतला.

अशातच एका छोट्या कंपनीकडून बोलावणं आलं. ही कंपनी इमारतींमधल्या लिफ्टांवर सेन्सर लावून त्यांच्या बिघाडाचा आधीच इशारा देणारं सॉफ्टवेअर बनवायची. चौकशीनं अर्जाला कपडे धुण्याच्या यंत्राचा आलेख जोडला होता. त्यांना तो आवडला, की गंमत वाटली, हे पत्रावरून कळत नव्हतं.

मुलाखत सकाळी दहाला, सातव्या मजल्यावर. समोर दोघं. एक दाढीवाले प्रमुख, दुसरी हेडफोन गळ्यात अडकवलेली प्रोग्रॅमर, वयानं चौकशीपेक्षा लहान. सुरुवातीचे प्रश्न नेहमीचे होते. काही जमले, काही अर्धवट राहिले. मग दाढीवाल्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“हे आमचं दुखणं आहे. एका लिफ्टच्या मोटरवरचा सेन्सर रोज अकराच्या सुमारास सांगतो की बेअरिंग खराब झालंय. लिफ्टवाल्यांनी तीनदा तपासणी केली, बेअरिंग ठणठणीत आहे. इशारा खोटा आहे. आमचं गणित कुठं चुकतंय?”

चौकशीनं आलेख बघितला. “मोटर वर गच्चीवर आहे? मग उन्हानं खोली तापत असेल. तापली की वंगण पातळ होतं.”

“ढगाळ दिवशीही इशारा येतो,” हेडफोनवाली म्हणाली आणि तिनं ते दिवस काढून दाखवले. “भर थंडीतही.”

“मग माझं चुकलं.” चौकशीनं वहीत लिहिलेलं ‘ऊन’ खोडलं. “सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीला येत नाही.”

तिनं आलेख पुन्हा मागंपुढं सरकवून बघितला. मग म्हणाली, “इशारा येतो त्या क्षणी लिफ्ट कुठल्या मजल्यावर असते?”

हे आकडे दुसरीकडे साठवलेले होते. हेडफोनवालीनं ते उघडून शेजारी लावले. कालची वेळ अकरा वाजून आठ मिनिटं. लिफ्ट तळमजल्यावर. तिनं परवाचा दिवस काढला, मग त्याच्या आधीचा.

“थांबलेली आहे,” ती हळूच म्हणाली. “पुष्कळदा लिफ्ट थांबलेलीच आहे.”

“उभ्या लिफ्टचं बेअरिंग थरथरेल कसं?” चौकशीनं विचारलं. प्रश्न कुणाला अडवण्यासाठी नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. “मला ही लिफ्ट बघायला मिळेल का?”

दाढीवाले जरा ओशाळले. “आत्ता त्यातूनच वर आलात तुम्ही.”

इमारतीची देखभाल बघणारे मिस्त्री किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. गच्चीवरच्या खोलीचं कुलूप उघडताना ते म्हणाले, “दोन वर्षं झाली ती डबी लावून. तुमच्याकडचं कुणी बघायला आलं नव्हतं बरं का.”

खोली लहान होती, ग्रीसच्या वासानं भरलेली. मोटर लोखंडी तुळईवर बसवली होती आणि तिच्या पाठीवर डबी. मिस्त्रींनी लिफ्ट तळमजल्याला थांबवून ठेवली. अकराला सहा मिनिटं होती. चौकशीनं मिस्त्रींकडून लांब स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, मोटरवर टेकवला आणि कानामागं धरला. काही नाही. दाढीवाले दारात उभे होते, हेडफोनवाली लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. अकरा वाजले. पाच मिनिटं झाली. दाढीवाल्यांनी एकदा घसा साफ केला. चौकशीला वाटलं, आता हे म्हणणार, पुरे झालं, चला खाली.

तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हरमधून घूं असा आवाज आला.

“आला,” हेडफोनवाली म्हणाली. “इशारा आला.”

मोटर बंदच होती. चौकशीनं टोक मोटरवरून काढून तुळईवर ठेवलं. आवाज वाढला. ती तुळईच्या कडेकडेनं सरकत भिंतीपर्यंत गेली, तिथं आवाज आणखी मोठा होता. त्या घूं-घूंच्या खाली बारीक खरखर होती, वाळू चाळल्यासारखी. हा आवाज तिनं आठ वर्षं ऐकला होता.

“मिस्त्री, भिंतीपलीकडे पंप आहे?”

“आहे ना. वरच्या मजल्यांना पाण्याचा जोर पुरत नाही म्हणून बसवलाय. अकराला सहाव्या मजल्यावरच्या कॅन्टीनची भांडी धुवायला घेतात, तेव्हा चालू होतो.”

“ही तुळई त्याच्या खालूनही जाते?”

“तीच तर आहे. अख्ख्या गच्चीभर एकच.”

चौकशी भिंतीला टेकून उभी राहिली. “तुमचं गणित चुकलेलं नाही,” ती दाढीवाल्यांना म्हणाली. “बेअरिंग खराब आहेच. फक्त ते लिफ्टचं नाही, पंपाचं आहे.”

दाढीवाल्यांनी हात पुढं केला. “मला द्या बघू ते. कुठं लावायचं, कानात?”

“कानात नको. कानामागच्या हाडावर.”

त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग हेडफोनवालीनं ऐकलं, त्यासाठी गळ्यातले हेडफोन काढून मिस्त्रींच्या हातात दिले. तिच्या तोंडावर असा भाव आला की मिस्त्रींना हसू फुटलं. “दोन वर्षं मी याचा आलेख बघतेय,” ती म्हणाली. “हे असं ऐकू येतं होय.”

खाली आल्यावर मात्र कोड लिहायचाच होता. लिफ्ट उभी असतानाचे आकडे बाजूला काढा, असं त्यांनी सांगितलं. चौकशीला पाऊण तास लागला. दोनदा चुकलं, एकदा हेडफोनवालीनं राहून गेलेला स्वल्पविराम दाखवून दिला. लिहून झाल्यावर तिनंच सांगितलं, “हे पुरेसं नाही. लिफ्ट चालू असतानाही पंप चालू असू शकतो. दोन्हींचा सूर वेगळा असतो, त्यावरून ते एकमेकांपासून सोडवता यायला हवेत. पण ते कसं लिहायचं, मला येत नाही.”

“मला येतं,” हेडफोनवाली म्हणाली. “काय सोडवायचं तेच कळत नव्हतं.”

दाढीवाल्यांनी निरोप देताना आडपडदा ठेवला नाही. “कोड तुमचा कच्चा आहे.”

“आहे,” चौकशी म्हणाली.

घरी भावानं विचारलं, “झालं का?” तिनं सांगितलं की माहीत नाही, पण दिवस फार छान गेला. आईनं वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीनं खांदे उडवले.

नवव्या दिवशी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, फोन आला. दाढीवालेच होते. “मिस्त्रींनी पंपाचं बेअरिंग बदलून घेतलं. तेव्हापासून एकही इशारा नाही. तुम्ही कधीपासून येऊ शकाल?”

“पद काय?”

“ते अजून ठरवलं नाही. आमच्याकडे असं कुणी आधी नव्हतं. सहा महिने बघू. कोड शिकावा लागेल, त्यात सूट नाही.”

तिनं ही बातमी आधी फोरमन काकांना सांगितली. ते डबा बंद करत होते. “म्हणजे तू डबीवाल्यांकडे चाललीस,” ते म्हणाले आणि बराच वेळ झाकण फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तो तिळाएवढा खड्डा... डबीला तो कसा ऐकू आला होता, कळलं का शेवटी?”

“थोडं कळलंय, काका. कडी फिरताना दर फेरीला गोळ्या त्या खड्ड्यावरून जातात आणि बारीक ठोके पडतात. आपल्या कानाला ते बाकीच्या गोंगाटात वेगळे निघत नाहीत. तिला निघतात. कसे, ते अजून अर्धंच कळलंय.”

“पुरं कळलं की मला येऊन सांग,” काका म्हणाले. “माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. तेवढ्यात होईल ना?”

नव्या ऑफिसात तिसऱ्याच दिवशी तिनं लिहिलेला पहिला कोड परत आला. हेडफोनवालीनं त्यावर चौदा शेरे मारले होते. चौकशीनं ते सगळे वाचले आणि अकरावा काही केल्या कळेना म्हणून खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी गेली. टेबलावर पंपातून काढलेलं जुनं बेअरिंग होतं. ते मिस्त्रींकडून मागून आणलं होतं आणि सकाळपासून ऑफिसभर फिरत होतं. ज्याच्या हातात जाई तो बोटानं फिरवून बघत होता.

“अकरावा शेरा,” चौकशी म्हणाली. “असं का, ते सांगशील?”

“सांगते. पण आधी तू सांग.” हेडफोनवालीनं बेअरिंग तिच्यासमोर धरलं. “या गोळ्या एकमेकींवर आपटत कशा नाहीत?”

चौकशीनं खुर्ची आणखी जवळ घेतली.